भोंग्याच्या पोटातले आठ हौद

त्याला सगळे भोंगा म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते महिन्यातून एकदा सही करताना त्याचं त्यालाच आठवावं लागे. मत्स्य संशोधन केंद्रात तो परिचर होता. हौद घासायचे, निचऱ्याच्या जाळ्या साफ करायच्या, ट्राऊट माशांना खाद्याच्या गोळ्या टाकायच्या, मेलेला मासा उचलायचा आणि जिवंत माशाबद्दल बोलायचं, अशी त्याची पाच कामं. पहिल्या चारांचा पगार मिळे. पाचवं तो हौसेनं करी, आणि जास्त घाम त्यातच गाळी.

केंद्र होतं डोंगराच्या उतारावर. वर ओढा अडवून त्याचं गार पाणी पाइपानं हौदांत घेतलेलं, आणि हौदांतून सुटलेलं पाणी खाली फाटकापाशी पुन्हा ओढ्याला मिळायचं. वर एखादा मासा उलटा तरंगला तर ती बातमी पाण्याच्या आधी फाटकावर पोचे. संचालक साहेबांच्या बदलीचा हुकूम त्यांनी पाकीट फोडायच्या आत भोंग्यानं पहारेकऱ्याला सांगून टाकला होता, आणि पुढं ती बदली रद्द झाली तेव्हा साहेबांचं अभिनंदनही त्यानंच पहिल्यांदा केलं, साहेबांना काही कळायच्या आत.

पण गडी नुसता तोंडाळ नव्हता. त्याला माशातलं कळायचं. एका सकाळी तो एका हौदाच्या काठावर उकिडवा बसला, दोन मिनिटं पाण्यात बघितलं आणि म्हणाला, हे उद्या खायचं सोडणार. दुसऱ्या दिवशी माशांनी खरंच गोळीला तोंड लावलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी मरायला सुरुवात झाली. तेव्हापासून साहेबसुद्धा पाहुण्यांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगत, की आमच्याकडं सूक्ष्मदर्शकं आहेत, यंत्रं आहेत, आणि हे आहेत. भोंगा त्यावर मान खाली घालायचा, पण छाती खाली जायची नाही. मासा कसा चालतो ते बघावं, असं तो नव्या लोकांना शिकवी. तोंड काय, सगळ्यांचंच उघडं असतं.

ट्राऊट हा तसा नखरेल जीव. पाणी गार हवं, वाहतं हवं, स्वच्छ हवं. उन्हाळ्यात पाणी जरा कोमट झालं की ओढ्यातून एक रोग दरवर्षी न चुकता येई. माशाचं तोंड आणि कल्ल्यांच्या कडा लाल होत, मासा काळवंडे आणि कोपऱ्यात जाऊन उभा राही. शास्त्रात त्याला मोठं नाव होतं. हौदावरची माणसं त्याला लालतोंड्या म्हणत.

या लालतोंड्यावर लस काढायचं काम मॅडमकडं होतं. मॅडम वयानं भोंग्याच्या लेकीएवढ्या, अंगानं काडी, पण चिकाटी अशी की हौदाच्या शेवाळानं हिच्याकडून शिकावं. त्यांचं हे तिसरं आणि शेवटचं वर्ष होतं. पहिल्या वर्षी ओढ्याला लोंढा आला आणि लस टोचलेले, न टोचलेले सगळे मासे एकाच गाळात गेले. दुसऱ्या वर्षी रोगच आला नाही. खालच्या अंगाचे मासेपालक आनंदानं नाचत होते, आणि सगळ्या खोऱ्यात मासे ठणठणीत आहेत म्हणून रडवेली झालेली एकटी मॅडम होती. यंदाही काही निघालं नाही तर काम बंद, खोली रिकामी आणि लस बाटलीतच, असं वरून लिहून आलं होतं.

यंदा मॅडमनं आठ हौद घेतले. प्रत्येकात पाचशे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. चार हौदांना लस टोचायची, चारांना नुसतं मिठाचं पाणी. बाटल्या सगळ्या एकसारख्या, वर फक्त हौदाचा नंबर. कुठल्या बाटलीत काय आहे याची यादी दुसऱ्याच गावच्या कुणी माणसानं केलेली, ती पाकिटात, पाकिटावर लाख, पाकीट साहेबांच्या लोखंडी कपाटात, आणि कपाटाची चावी साहेबांच्या चष्म्याच्या घरात. मॅडमला स्वतःलाही माहीत नव्हतं. नव्वदाव्या दिवशी पाकीट उघडायचं.

भोंग्याला हे काही पटलं नाही. स्वतःच्या माशाला काय टोचलंय ते स्वतःला माहीत नको, हा कुठला कारभार? मॅडमनं समजावलं, की माणसाला एकदा कळलं की त्याचे डोळे त्या बाजूला झुकतात, हात झुकतो, आणि त्याचं त्याला समजतही नाही. भोंग्यानं हं म्हटलं. ते शिकल्यासवरल्यांचं होत असेल, असं त्याला वाटलं.

टोचणीचा दिवस मोठा गेला. भोंगा बादलीत गुंगीचं औषध कालवी, पिल्लं त्यात सोडी; ती आडवी झाली की मॅडम आणि प्रयोगशाळेतल्या दोघी त्यांच्या पोटात सुई टोचत, आणि पिल्लू परत हौदात. नंबर मागेपुढे घेत जेवणाच्या सुट्टीआधी चार हौद झाले, नंतर चार. संध्याकाळी सगळ्यांची बोटं सुजली होती आणि भोंग्याचं तोंड तेवढं चालू होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाद्याची बादली घेऊन हौदांवरून फिरला आणि जागच्या जागी थांबला. एक, चार, सहा आणि सात नंबरची पिल्लं गोळ्यांवर तुटून पडली. दोन, तीन, पाच आणि आठ मात्र तळाला रुसून बसलेली. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी ती जरा हलली. भोंग्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. औषध अंगात गेलं की ताप येणार, ताप आला की अन्न नको वाटणार. रुसलेल्यांना लस. बाकीच्यांना मिठाचं पाणी. झालं, निघालं पाकीट.

तो तडक मॅडमच्या खोलीकडं निघाला. चेहऱ्यावर काय लिहिलं होतं कोण जाणे, मॅडमनं त्याला दारातच बघितलं आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.

"काका, काही कळलं असेल तर मला सांगू नका."

"अहो मॅडम, पण मी म्हणतो—"

"कुणालाच सांगू नका. घरीसुद्धा नाही. हे तुमच्या तोंडून बाहेर पडलं ना, तर माझी तीन वर्षं ओढ्याला गेली म्हणून समजा."

भोंग्यानं आ केलेला होता, तो मिटला. आवाज आला नाही. तीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं.

त्या दिवसापासून त्याचे हाल सुरू झाले. बाकी काही बोलावं म्हटलं तरी पंचाईत, कारण त्याचं बोलणं कुठूनही निघालं तरी हौदावर येऊन थांबायचं. हवापाण्यावर बोलावं तर पाण्यावरून मासा येई. मासा आला की नंबर येई. नंबर ओठांवर आला की तो दात आवळून घेई. शेवटी त्यानं ठरवलं की बोलायचंच नाही.

केंद्रात कुजबुज सुरू झाली. कारकुनाला वाटलं, याला निलंबनाची नोटीस मिळाली असणार. पहारेकऱ्याला वाटलं, दात काढले असतील. दुपारच्या डब्याला माणसं त्याच्याभोवती बसत आणि वाट बघत. तो खाली मान घालून जेवी, डबा धुवी आणि उठून जाई. साहेबांनी एकदा विनाकारण बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

घरी ठीक नव्हतं. बायकोनं पहिले चार दिवस देवानं ऐकलं असं समजून सुख भोगलं. पाचव्या दिवशी तिला घर अंगावर यायला लागलं. लेकीचा फोन आला की हा एरवी तासभर सोडत नसे. आता बरी आहेस ना, बरं, ठेवतो. लेक रडायच्या बेतात. बायकोनं मग त्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं घसा बघितला, जिभेवर पट्टी ठेवून आ करायला लावलं, छातीला नळी लावली आणि सांगितलं की काही झालेलं नाही, फक्त या वयात बोलणं जरा कमी ठेवा. बायको डॉक्टरकडं बघतच राहिली.

सगळ्यात मोठा त्रास मेहुण्याचा. बायकोचा हा धाकटा भाऊ खालच्या अंगाला ट्राऊटच पाळायचा. वीस हौद होते, आणि लालतोंड्यानं दरवर्षी त्याचं कंबरडं मोडलेलं. तो दर रविवारी यायचा, चहा प्यायचा आणि आडून आडून विचारायचा. लस चालतेय का भावोजी. नुसती मान हलवा, मी समजतो. भोंग्याला मान हलवायचीही चोरी झाली. अंगावर माशी बसली तरी तो मान ताठ ठेवी. मेहुण्यानं ताडलं की ज्या अर्थी माणूस लाकडासारखा बसलाय त्या अर्थी आत काहीतरी जबरदस्त आहे, आणि तो पुढच्या रविवारी जास्त लवकर यायला लागला.

पण गोष्ट खरी बिघडली ती दुसरीकडं. जीभ भोंग्यानं बांधली, हात कोण बांधणार?

एक, चार, सहा, सात. या चार हौदांवरून जाताना त्याचा पाय अडे. बिचारी मिठाच्या पाण्यावर उभी आहेत, उद्या लालतोंड्या आला की यांचं काय? दोन, तीन, पाच, आठ म्हणजे अंगात चिलखत घातलेले. त्यांना काय धाड भरलीय? मग या चार हौदांच्या जाळ्या दिवसातून एकदाच्या ऐवजी तीनदा घासल्या जाऊ लागल्या. तळाशी उरलेल्या गोळ्या, घाण, सगळं नळीनं ओढून काढलं जाऊ लागलं. पाण्याची चावी दोन बोटं जास्त उघडली गेली. दुपारचं ऊन ज्या बाजूनं येई तिकडं ओली गोणपाटं टांगली गेली. मॅडम वरच्या खोलीत मेलेल्या माशांची मूत्रपिंडं कापून जंतू बघण्यात गुंतलेल्या; त्या सकाळी यायच्या तेव्हा गोणपाटं उतरलेली असत. भोंग्याला यात काही वावगं वाटलं नाही. सांगायचं नाही एवढंच ठरलं होतं, आणि त्यानं चकार शब्द काढला नव्हता.

पाणी कोमट झालं. लालतोंड्या आला. यंदा मॅडमचं तोंड उजळलं आणि बाकी सगळ्यांचं काळवंडलं.

रोज सकाळी भोंगा हौदागणिक मेलेले मासे उचलून पिशवीत भरी आणि आकडा वहीत लिही. पहिल्या आठवड्यात दोन नंबरमध्ये सतरा. पाच नंबरमध्ये एकवीस. त्याला वाटलं, चालायचंच. दुसऱ्या आठवड्यात दोन नंबरमध्ये बावन्न, पाच नंबरमध्ये साठ, आणि त्याच्या लाडक्या एक आणि सहामध्ये मिळून नऊ. चार आणि सातमध्ये मरत होते, पण बेतानं. तीन आणि आठमध्येही थोडेच होते, पण त्याची नजर दोन आणि पाचच्या आकड्यांवरून हलेना.

तो वही घेऊन काठावर बसला. आकडे पुन्हा पुन्हा वाचले. मग वही मिटली. लस टोचलेले मरत होते आणि मिठाच्या पाण्यावाले मजेत पोहत होते. म्हणजे लस कुचकामी ठरणार, मॅडमचं काम बंद होणार. आणि हे कुणामुळं? लस बिचारी काय करील. इकडं एकानं तीन तीन वेळा जाळ्या घासून नुसत्या मिठाच्या पाण्याला लसीच्या वर नेऊन बसवलं होतं, आणि लसवाल्यांना घाणीत सोडलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या तसा हात झुकला होता. आणि त्याचं त्याला समजलंही नव्हतं.

दोन दिवस तो जेवला नाही. गप्प बसला तर कुणाला कधी कळणार नव्हतं. मॅडम गाशा गुंडाळून जातील, लस मोडीत निघेल, आणि मेहुण्यासारखे लोक दरवर्षी मासे पुरत राहतील, बस्स. गप्प बसायची आता चांगली सवयही झाली होती. तिसऱ्या दिवशी तो मॅडमच्या खोलीत गेला, आणि मॅडमचे हात कानाकडं जायच्या आत बोलून मोकळा झाला. अडीच महिन्यांचं तुंबलेलं होतं. रुसलेली पिल्लं, जाळ्या, चावी, गोणपाटं, सगळं एका दमात आलं, फक्त अंदाज कुठल्या हौदाचा काय होता तेवढं त्यानं गिळलं.

मॅडमनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एक कोरा कागद काढला, आठ नंबर लिहायला लावले, त्याच्यापुढं त्याचा अंदाज लिहायला लावला, खाली सही घेतली आणि न वाचताच घडी घालून पाकिटात टाकला. चूक माझीही आहे, असं म्हणाल्या. तुम्हाला काही कळलंय हे दारातच दिसलं होतं, तेव्हाच तुमचं काम बदलायला हवं होतं. पण माझा सगळा भरवसा तुमच्या जिभेवर लागला होता.

"आता काय होणार मॅडम?"

"तुमचा अंदाज बरोबर निघाला तर सगळं कचऱ्यात." त्यांनी पाकीट चिकटवलं. "तुम्ही चुकलेले असलात तरच आपण वाचू, काका. आणि नुसतं चुकून भागायचं नाही. नीट चुकायला हवं."

भोंग्याला हे ऐकून कसंसंच झालं. तीस वर्षांत त्याला कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं.

पाकीट उघडायला दोन आठवडे बाकी होते. तेवढे दिवस हौद कारकुनाकडं दिले. कारकून नाकाला रुमाल बांधून दोन बोटांनी गोळ्या टाकायचा आणि प्रत्येक हौदाला अगदी सारखं वाईट वागवायचा. मॅडमना तेच हवं होतं. भोंग्याला कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. तिथं तो जुन्या वह्या झटकत बसे आणि मनाशी भांडे. सकाळी त्याला वाटे, देवा, मला चूक ठरव, त्या पोरीचं वाटोळं होऊ देऊ नको. दुपारपर्यंत त्याला वाटू लागे, पण चुकेन कसा? ताप येणार म्हणजे अन्न नको होणारच. साधी गोष्ट आहे. मग तो स्वतःच्या तोंडात मारून घेई आणि पुन्हा पहिल्यापासून मागणं मागायला लागे.

नव्वदाव्या दिवशी सगळे साहेबांच्या खोलीत जमले. साहेबांना चष्म्याचं घर सापडेना. ते टेबलावरच होतं, पण चष्मा नसल्यामुळं दिसत नव्हतं, आणि चष्मा घरात होता. ते सापडलं, कपाट उघडलं, लाख फोडली. मॅडमनं एका हातात यादी धरली, दुसऱ्या हातात भोंग्याचा कागद, आणि नंबर वाचायला सुरुवात केली.

एक नंबर. लस. भोंग्यानं लिहिलं होतं, मीठ.

दोन नंबर. मीठ. भोंग्यानं लिहिलं होतं, लस.

भोंग्याच्या जिवात जीव आला आणि त्याच वेळी नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन नंबर लस, बरोबर. चार मीठ, बरोबर. त्यानं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि मान आपोआप वर झाली. पाच मीठ, चूक. सहा लस, चूक. सात मीठ, बरोबर. आठ लस, बरोबर.

मॅडम खुर्चीत बसल्या. आठापैकी चार, त्या म्हणाल्या. नाणं उडवून ठरवलं असतं तरी इतकंच आलं असतं. मग त्यांनी कागदावर खुणा करत सांगितलं. काकांनी ज्या चार हौदांचे लाड केले त्यात दोन लसीचे निघाले, दोन मिठाचे. ज्यांच्याकडं दुर्लक्ष केलं त्यातही दोन आणि दोन. म्हणजे दोन्ही पारड्यांत माप सारखंच पडलं. आता नुसते आकडे बघा. लाड न झालेल्या लसवाल्यांत थोडे मेले, लाड न झालेल्या मिठवाल्यांत ढीग मेले. लाड झालेल्यांतही लसवाले वाचले आणि मिठवाले त्यांच्यापेक्षा जास्त मेले. लस चालते. आणि जाळ्या तीनदा घासल्या की ते आणखी बरं चालतं, हे न मागता वर मिळालं.

साहेबांनी मॅडमचा हात हातात घेतला. कारकुनानं नाकावरचा रुमाल सोडला. भोंगा मात्र हलला नाही.

"मग ती पिल्लं रुसली कशानं?" त्यानं विचारलं.

मॅडमनं टोचणीच्या दिवसाची नोंद काढली. रुसलेले चारही हौद जेवणाच्या सुट्टीनंतर झाले होते. सकाळी गुंगीचं औषध मापानं पडलं होतं. जेवणानंतर दुप्पट पडून बाटली निम्म्याच्या खाली गेली होती, आणि त्या जादा गुंगीनंच पिल्लांचं खाणं सुटलं होतं. बादली कोण कालवत होतं, ते नोंदीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. भोंग्यानं भिंतीकडं बघितलं.

मॅडमनं अहवालात सगळं खरं लिहिलं. एका परिचराने गैरसमजातून चार हौदांची विशेष काळजी घेतली, असं वाक्य त्यात होतं. भोंग्यानं विनंती केली की गैरसमजातून हा शब्द काढून अनुभवातून असा टाकता येईल का. मॅडम म्हणाल्या, नाही. मग त्यानं विचारलं, की तीन आणि आठ बरोबर आले होते, चार आणि सातही, त्याचा उल्लेख येईल का. मॅडम म्हणाल्या, काका, हौदाकडं जा. त्या दिवसापासून मात्र कुठला हौद कुणी बघायचा ते रोज चिठ्ठी टाकून ठरू लागलं, आणि चिठ्ठ्या उचलायचं काम कारकुनाला मिळालं.

रविवारी मेहुणा आला. आता बोलायला बंदी नव्हती. बायकोनं चहा ठेवला आणि हातातलं काम टाकून समोर बसली, कारण तीन महिन्यांची कसर भरून निघणार म्हणून तीही आतुर होती. भोंग्यानं सगळं सांगितलं. लस चांगली आहे, टोचून घे, आणि जाळ्या दिवसातून तीनदा घास, त्यात आळस करू नको. वीस हौद असतील तर माणूस वाढव, पण घास.

मेहुणा थक्क होऊन ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत भावोजींबद्दल असा आदर दाटला होता की भोंग्यानं नजर कपात घातली.

"तुम्हाला हे आधीच कळलं असणार," मेहुणा म्हणाला. "म्हणूनच तोंडातून शब्द काढत नव्हता. पहिल्या आठवड्यातच ओळखलं असणार तुम्ही, कुठल्या हौदात काय आहे ते."

बायको बघत होती. भोंग्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"निम्मं," तो म्हणाला.